पालखीमार्गावरच्या आडवाटा आणि मुक्काम

बरडचा मुक्काम हलला की ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. तिथून नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरी हे पाच मुक्काम झाले की पंढरपूर येते. आम्हा सोलापूरकरांना पंढरपूर एसटीने जवळचे, म्हणूनच जिल्ह्याच्या त्या टोकाची ही पायवाट आमच्यापैकी अनेकांनी पायी कधी पाहिलेली नाही.

या वाटेवरचा निवारा रोज उभा राहतो आणि रोज मोडतो. दिंडीचा ट्रक पुढे जातो, माणसे काळ्या मातीत मेखा ठोकतात, मधला बांबू उभा करून तणावे ताणतात आणि राहुटी उभी राहते. आषाढाचे दिवस असल्याने जाणता माणूस लगेच कुदळ घेऊन राहुटीभोवती वीतभर खोल चर खणतो, कारण हा चर चुकला तर रात्रीच्या पावसाचे पाणी थेट अंथरुणाखाली येते. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. चोपदारांनी दंड उंचावताच हजारो माणसे शांत होतात आणि हरवले-सापडले, तक्रारी-अडचणी सर्वांसमोर सांगितल्या जातात.

आडवाटांपैकी वेळापूरची वाट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. मुख्य रस्ता सोडून गावात शिरले की अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर लागते. रामचंद्र यादवाच्या काळातले मराठी शिलालेख इथे सापडले आहेत. नाव अर्धनारीनटेश्वर असले, तरी गाभाऱ्यात एकाच देहाची दोन अर्धी रूपे दिसत नाहीत. शिव आणि पार्वती शेजारी बसलेले दिसतात, आणि हे पाहण्यासाठी क्षणभर थांबावे लागते. दिवसभर चालून आलेल्या पायांना मंदिराच्या दगडी फरशीचा गारवा किती सुखाचा वाटतो, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

पुढे तोंडले-बोंडले येथे नंदाचा ओढा आहे आणि त्याच्या काठी दुपारचा विसावा होतो. पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथाची त्यात तरतूद आहे, आणि ती आवश्यकच होती. मात्र रुंद रस्त्यावर माणूस सरळ पुढेच जातो. म्हणून वेळापूरच्या फाट्यावर मंदिराची दिशा आणि अंतर पायी चालणाऱ्याच्या नजरेला पडेल असे लिहिलेले असावे, अशी आमची मनापासूनची मागणी आहे.

पंढरपुरात पोहोचल्यावर गोपाळपूरची छोटी वाटही चालावी; तिच्या जवळच चंद्रभागेच्या पात्रात विष्णुपद आहे.

वारीचे दिवस सोडून हा मार्ग चालायचा असेल, तर राहुट्या नसतात, अन्नछत्रेही नसतात. तेव्हा देवळाची ओवरी किंवा एखादा मठ हाच आसरा, आणि त्यासाठी अंधार पडण्यापूर्वी गावात शिरून पुजाऱ्यांना किंवा पारावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. पाणी भरण्याची जागाही त्यांच्याकडूनच समजते.