आज रात्री साडेनऊला वीज तोडणार?

(दृश्य : मोबाइलचा पडदा, जवळून)

"मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही. आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल. ताबडतोब अधिकाऱ्याशी संपर्क साधा." खाली दहा आकडी मोबाइल नंबर.

2022 मध्ये महाराष्ट्रात असे मेसेज गावोगावी फिरले. बिल वेळेवर भरणाऱ्यांनाही आले. घरी फ्रीजमध्ये इन्सुलिन असेल, तर माणूस पावती शोधत बसत नाही. तो नंबर फिरवतो.

(दृश्य : टेबलावर शेजारी शेजारी दोन फोन)

हे प्रात्यक्षिक आहे, दोन्ही फोन आमचेच. पलीकडचा 'साहेब' आवाज चढवत नाही. "बिल भरलंय ना? मग फक्त अपडेट करून घेऊ." त्यासाठी तो एक ॲप घ्यायला लावतो. ॲप खरंच असतं. दूर बसून कॉम्प्युटर दुरुस्त करणारे तेच वापरतात. उघडलं की नऊ-दहा आकडी कोड दिसतो. "तेवढा वाचून दाखवा." कोड सांगितला, परवानगीचं बटण दाबलं, आणि बघा, डावीकडच्या पडद्यावर जे आहे ते सगळं उजवीकडे.

आता तो 10 रुपये भरायला सांगतो. दहाच! कार्डाचा नंबर टाइप होतोय, तसा एकेक आकडा उजवीकडे उमटतोय. ओटीपी आला, तोही दिसला. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे आपण पाठ केलंय. इथे तो कुणी सांगितलाच नाही.

खातं रिकामं व्हायला काही मिनिटं पुरतात.

(दृश्य : जिन्याखालचे मीटर)

वीज कायदा 2003, कलम 56. थकबाकी असली तरी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. ही ओळ प्रत्येक बिलावर ठळक छापायला हवी, असं आमचं ठाम मत आहे. महावितरणचा मेसेज एमएसईडीसीएल अशी अक्षरं असलेल्या आयडीवरून येतो, कुणाच्या खासगी नंबरवरून नाही. तरी शंका राहिली, तर बिलावर छापलेल्या नंबरवर विचारा.

(दृश्य : 1930 डायल करणारा हात)

पैसे गेलेच, तर आधी इंटरनेट बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँक आणि 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तक्रार लवकर पोहोचली, तर रक्कम पुढच्या खात्यातच रोखता येते. नुसता मेसेजच आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी वेबसाइटवर 'चक्षू' या तक्रार-सुविधेत कळवा. मेसेज मात्र पुसू नका. तक्रारीत तो नंबर लागतो.