गेस्टच्या पत्त्यावर होस्टची मेमरी

वल्कनमध्ये, म्हणजे जीपीयूशी (ग्राफिक्स प्रोसेसरशी) बोलायच्या प्रोग्रामिंग इंटरफेसमध्ये, ॲप्लिकेशन जीपीयूची मेमरी मॅप करून घेतं (स्वतःच्या पत्त्यांवर आणतं), तेव्हा मिळालेला पॉइंटर पुढे तासन्‌तास वापरात राहतो. मेमरी कोहेरंट (सीपीयूने लिहिलेलं जीपीयूला आपोआप दिसणारी) असेल तर ‘लिहून झालं’ असं सांगणारा कॉलही येत नाही. म्हणून व्हर्टिओ-जीपीयू या आभासी ग्राफिक्स कार्डाची जुनी रीत, म्हणजे गेस्टच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) रॅममध्ये लिहायचं आणि आज्ञा देऊन होस्टकडे (खऱ्या मशीनकडे) कॉपी करायची, इथे लंगडी पडते. कॉपी कधी करायची तेच कळत नाही. होस्टची मेमरीच गेस्टच्या पत्त्यावर आणावी लागते. लिनक्सच्या गेस्ट ड्रायव्हरमध्ये ही ब्लॉब रिसोर्सची सोय कर्नल ५.११ पासून आहे. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूमध्ये व्हीनस, म्हणजे गेस्टच्या वल्कन आज्ञा होस्टकडे पोचवणारा मार्ग, ९.२ आवृत्तीत आला.

क्यूईएमयूला व्हर्टिओ-व्हीजीए-जीएलसोबत तीन पर्याय द्यायचे: ब्लॉब चालू, व्हीनस चालू, होस्टमेम ४ जीबी. यात ४ जीबी रॅम खर्च होत नाही, फक्त पत्ते अडवले जातात. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसं. गेस्टच्या कर्नल लॉगमध्ये ‘होस्ट मेमरी विंडो’ची ओळ दिसली की रुमाल पडला. वैशिष्ट्यांच्या ओळीत ‘होस्ट-व्हिजिबल’च्या आधी वजा चिन्ह असेल, तर पुढे जाऊच नका.

मग गेस्ट ऑफसेट देऊन मॅपची आज्ञा पाठवतो. होस्ट तो बफर एमएमॅप करतो आणि केव्हीएमला, म्हणजे लिनक्स कर्नलमधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या भागाला, स्लॉट देतो: गेस्टचा भौतिक पत्ता, लांबी, होस्टचा आभासी पत्ता. तिन्ही ४०९६ बाइटच्या पटीत. इथवर सरळ आहे.

‘केव्हीएम रन फेल्ड, बॅड ॲड्रेस’ हा संदेश बहुधा होस्टचं कर्नल ६.१३ च्या आधीचं असताना भेटतो. एएमडीजीपीयू ड्रायव्हर पानं (४०९६ बाइटचे मेमरीचे तुकडे) मोठ्या गठ्ठ्यांत घेतो. गठ्ठ्यातल्या पहिल्या पानानंतरच्या पानांचा संदर्भ-मोजणीचा आकडा शून्य असतो, आणि जुनं केव्हीएम असं पान हातात घ्यायला नकार देतं. ६.१३ मध्ये ही अट गेली. आता ड्रायव्हरने पान हलवलं की एमएमयू नोटिफायर (पान हलल्याची कर्नलमधली सूचना) ईपीटीतली, म्हणजे गेस्टचे पत्ते होस्टच्या पत्त्यांशी जोडणाऱ्या तक्त्यातली, नोंद पुसतो आणि पुढच्या स्पर्शाला नवी नोंद होते.

कॅशचा घोळ जास्त त्रास देतो, कारण तो बोलत नाही. होस्टच्या रॅममधला बफर अनेकदा राइट-कम्बाइन पद्धतीने (कॅश टाळून, लिहिलेलं एकत्र करून पाठवणाऱ्या) मॅप केलेला असतो. आज्ञेच्या उत्तरात गेस्टला तसं सांगितलंही जातं. पण इंटेलवर, पासथ्रू उपकरण (थेट गेस्टला दिलेलं खरं उपकरण) नसेल तर, केव्हीएम सहसा ईपीटीत राइट-बॅक (आधी कॅशमध्ये लिहिणारी पद्धत) लिहून गेस्टचं म्हणणं बाजूला सारतं. जीपीयू सीपीयूच्या कॅशमध्ये डोकावत नसेल तर पडद्यावर ६४-६४ बाइटचे शिळे तुकडे दिसतात. एएमडी प्रोसेसरवर गेस्टने मागितलेला कॅशचा प्रकार मानला जातो. तेव्हा एकाच यंत्रावर तपासून निर्धास्त होऊ नका.

खरी गंमत मॅपिंग काढताना. एक्स८६ वर एक स्लॉट काढला तरी केव्हीएम एरवी त्या पूर्ण व्हर्च्युअल मशीनच्या नोंदी पुसतं. गेममध्ये बफर सतत येतात-जातात, मग फ्रेम अडखळते. माझं मत: पूर्ण होस्ट मेमरी विंडोचा एकच स्लॉट करा आणि बफर त्यातल्या नेमक्या जागी मॅप-फिक्स्डने (दिलेल्या पत्त्यावरच मॅप करायला लावणाऱ्या पर्यायाने) बसवा. काढताना मात्र नुसतं एमअनमॅप नको. ती जागा मोकळी झाली की त्याच प्रक्रियेतलं दुसरं कुठलंही वाटप तिथे येऊन बसेल आणि क्यूईएमयूचा हीप (त्याची स्वतःची कामाची मेमरी) गेस्टला उघडा पडेल. त्याऐवजी थेट त्यावरच परवानगीशून्य अनामिक मॅपिंग टाका. गेस्टने तिथे हात घातला तर तोच थांबेल.