आधी फरशी बघा

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय ‘उभ्या घड्याळाचे टोले चुकले तर’ असा छापलाय. टोल्यांकडे येतोच. पण त्याआधी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या परभणीत लंबकाचं घड्याळ थांबलं की लोक आधी चाकं बघतात. चाकं राहू द्या. खालची फरशी बघा.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, वैशाखात भेगाळते, हे इथे कुणाला सांगायला नको. त्या मातीवर शहाबादी फरशी, फरशीवर सहा-सात फुटी पेटी. एका बाजूला दोन मिलिमीटरचा फरक पडला तर डोळ्याला कळत नाही, लंबकाला कळतो. टिक आणि टॉक यांतलं अंतर सारखं राहत नाही. घड्याळ टिकटॉक... टिकटॉक... असं लंगडत चालतं आणि थांबतं. घरचे म्हणतात, चावीची स्प्रिंग गेली. अहो, वजनांवर चालणाऱ्या घड्याळात चावीची स्प्रिंग असते कुठे? हसू नका, निम्म्या जणांनी हेच म्हटलेलं असणार.

उपाय साधा आहे. डाव्या पायाखाली पोस्टकार्डाची घडी सरकवा, एकेक घडी वाढवा आणि डोळे मिटून ऐका. लंगडणं वाढलं तर उजवीकडे घाला. ठोका जुळला की तिथे सागवानी पाचर ठोका. गवंड्याची पाणसळ पेटी सरळ करते, ठोका मात्र कानानेच जुळतो. पाचर फारच जाड लागत असेल तर लंबकाला मागून ढकलणारी बारीक दांडी वाकवावी लागते. जी बाजू उचलावी लागली, त्याच बाजूला खालचं टोक, अगदी किंचित. दुसऱ्या हाताने ती दांडी वर घट्ट धरा, नाहीतर सगळा जोर अँकरवर, म्हणजे टिकटॉक करत चाक अडवणाऱ्या-सोडणाऱ्या तुकड्यावर जातो.

दुसरं, पेटी वरच्या बाजूने भिंतीला स्क्रूने पक्की करा. पेटी हलती असेल तर वजनं उतरत लंबकाच्या गोळ्याच्या पातळीला आली की तीही झुलू लागतात आणि लंबकाची शक्ती खातात. आठ दिवसांचं घड्याळ ठरावीक वारी चावी दिली की दर आठवड्याला ठरावीक वारीच थांबतं, त्याचं कारण हे. तो वार शनिवार निघाला तर काही जण शनीला तेल घालतात, आणि पाठोपाठ घड्याळालाही!

तेल निघालंच आहे तर ऐका. घड्याळात खोबरेल घालू नका. पारा चोविसाच्या खाली आला की ते थिजतं, म्हणजे मार्गशीर्षाच्या पहाटे घड्याळ गारठणारच. जुनं झालं की त्यातली आम्लं पितळ हिरवं करतात. करडईचं तेल तर ठेच्यावरच शोभतं, ते वाळून रंगासारखं चिकटतं. शिलाई मशीनचं तेल पातळ, ते जागा सोडून पसरतं. घड्याळाचं तेल मिळतं, तेच आणा. ते पण कुठे घालायचं? चाकांच्या आसांची टोकं पितळी पत्र्याच्या भोकात बसतात, तिथे सुईच्या टोकाने एक थेंब, खळगी अर्धी भरेल इतकाच. दातांना नाही! दातांवर तेल आलं की धूळ बसते, तेल आणि धूळ मिळून पॉलिशपेपरचं काम करतात. आसाची भोकंही अशीच लांबट होतात. म्हणून जुनं काळं तेल पुसल्याशिवाय नवं घालायचं नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं. वेळ मागेपुढे होत असेल तर गोळ्याखालची चाकी फिरवा. एका सेकंदाला एक झोका घेणारा लंबक जवळपास 994 मिलिमीटरचा असतो. गोळा एक मिलिमीटर वर गेला की दिवसाला सुमारे 43 सेकंद पुढे. लोखंडी दांड्याचं घड्याळ उन्हाचा पारा वाढला की दर अंशाला रोज अर्धा सेकंद मागे पडतं, म्हणजे जानेवारीत लावलेलं घड्याळ मेमध्ये मागे पडायचंच. विषुववृत्ताजवळ गुरुत्वही कमी असतं. 1672 मध्ये झाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला नेलेलं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडताना दिसलं. लंडनहून इथे आणलेलं घड्याळही दोनेक मिनिटं मागे पडेल. गोळा तीनेक मिलिमीटर वर घ्या.

आता टोले, पळत पळत. मोजणीच्या खाचांचं चाक असेल तर टोले काट्यांकडे न बघता फक्त पुढचा आकडा देतात. टोले सोडणारा छोटा खटका उचलून काट्याशी जुळेपर्यंत वाजवत राहा. दातेरी पट्टीचं घड्याळ तासकाट्याबरोबर फिरणाऱ्या चकतीच्या पायऱ्या बघून मोजतं, तिथे तासकाटाच वाजलेल्या आकड्यावर फिरवा. टोलेवाल्या घड्याळात मिनिटकाटा मागे फिरवू नका. दर तासाच्या आसपास थांबत असेल तर काटे एकमेकांना किंवा काचेला घासतात का बघा. आणि टोल्यांच्या वजनाला चावी देणं राहून गेलं तर जुन्या पट्टीवाल्या घड्याळात पट्टी बाराच्या खोल पायरीवर पडून राहते. पुढची पायरी एकची, उंच, तिथे पट्टीची शेपटी अडकते आणि घड्याळ बारा ते एकच्या मध्ये बंद. ते बिघडलेलं नसतं, चावी द्या.

हलवताना आधी वजनं काढा, मग लंबक. वजनांवर डावं, मधलं, उजवं असं लिहून ठेवा, ती नेहमी सारखी नसतात. चहा आलाय वाटतं, थांबतो.