व्याजाचं पाप आणि पोपचे पेढीवाले

श्रोतेहो, नमस्कार. धर्माची शिकवण एका खात्यात आणि पैसा दुसऱ्या खात्यात, अशी वाटणी आपण करून ठेवतो. कॅथलिक चर्चच्या बाबतीत ती फार वेळ टिकत नाही.

व्याजाचंच बघा. चर्च व्याज घेणं पाप मानायचं. ११७९ साली रोममधल्या तिसऱ्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे बिशपांच्या धर्मसभेनं ठरवलं, की उघडपणे व्याजाचा धंदा करणाऱ्याला कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद नाही आणि मेल्यावर ख्रिस्ती दफनही नाही. नरकाची भीती खरी असलेल्या त्या काळात यापेक्षा तुरुंग परवडला असता! पण पंधराव्या शतकात खुद्द पोपचा पैसा सांभाळत होतं कोण? फ्लॉरेन्सचे मेदिची, म्हणजे पेढीवालेच. ते एका शहरात एका चलनात रक्कम देत, दुसऱ्या शहरात दुसऱ्या चलनात परत घेत आणि नफा हुंडणावळीत काढत. त्याला व्याज म्हणायचं नाही, एवढंच.

याला ढोंग म्हणून मोकळं होता येईल. काही अर्थतज्ज्ञ मात्र मध्ययुगीन चर्चकडे मक्तेदार म्हणून बघतात, आणि मला ते जास्त पटतं. नियम करणारा आणि सवलत देणारा एकच असला, की सवलतीला किंमत येते. नियमच काढून टाकला, तर विकायला उरतं काय?

१५१५ साल घ्या. पोप होते दहावे लिओ, मेदिची घराण्यातलेच. त्या वर्षी गरिबांना तारणावर कर्ज देणाऱ्या संस्थांना खर्चापुरतं व्याज घ्यायची मुभा मिळाली. या संस्थांमागे फ्रान्सिस्कन साधू होते. त्यांना मक्तेदारीचा हिशेब लावायला मी धजणार नाही. पण त्याच वर्षी जर्मनीत पापविमोचनपत्रांच्या, म्हणजे पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणाऱ्या पत्रांच्या विक्रीलाही मंजुरी मिळाली. माइन्झचं आर्चबिशपपद मिळवताना आल्ब्रेख्तला रोमला मोठी रक्कम भरावी लागली होती. ती त्यानं औग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून उचलली. आता पत्रांचं निम्मं उत्पन्न हे कर्ज फेडायला आणि निम्मं रोमला, सेंट पीटर बॅसिलिकाच्या बांधकामासाठी. फुगरांची माणसं वसुलीवर नजर ठेवून होती.

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर हा जर्मन धर्मगुरू या पत्रांविरुद्ध उभा राहिला आणि मक्तेदारीला प्रतिस्पर्धी मिळाला. १५६७ मध्ये पोप पाचव्या पायस यांनी पैसे घेऊन पापविमोचन देणं बंद केलं. व्याजाला मात्र वेळ लागला. १७४५ मध्ये पोप चौदाव्या बेनेडिक्ट यांनी त्याचा पुन्हा निषेध केला, पण इतर कारणांनी जादा रक्कम घ्यायची वाट मोकळी ठेवून. शेवटी चर्चच्या कायद्यांच्या १९१७ च्या धर्मसंहितेत कायद्यानं ठरवलेलं व्याज घेण्यात मुळात गैर नाही, असं लिहिलं गेलं. तेही जुनी बंदी चूक होती असं न म्हणता.