अंगदुखीची गोळी कुणाला अडवते?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवसभर मान खाली घालून विड्या वळायच्या, कारखान्यात माल द्यायचा आणि घरी जाताना मेडिकलवर थांबून म्हणायचं, "अंगदुखीच्या दोन द्या की." दुकानदार कात्रीनं पट्टीतल्या दोन गोळ्या कापून देतो. जेवलात का, पाणी प्यायलात का, कोण विचारतंय? सोलापुरात यंत्रमागावरच्या कामगारांचंही हेच चालतं.

ही गोळी शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिनांना, म्हणजे पेशी स्वतः बनवतात त्या निरोप्या रसायनांना अडवते. त्यांतलं महत्त्वाचं म्हणजे ई-2. ते कुठल्या एका ग्रंथीत साठवलेलं नसतं. मार बसला, सूज आली, की तिथल्या पेशी आपल्याच आवरणातल्या ॲराकिडोनिक आम्लापासून ते ताजं बनवतात. काम झालं की ते लगेच मोडतं. पण तेवढ्या वेळात नसांची टोकं इतकी हळवी होतात, की नुसता हात लागला तरी माणूस कळवळतो. मेंदूत हेच ई-2 शरीराच्या तापमानाची पातळी वर सरकवतं. म्हणून तर बाहेर पारा चाळिशीपार असताना ताप चढलेला माणूस हुडहुडत चादर मागतो!

ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही, हे शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन या शास्त्रज्ञांसोबत मिळालं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या अंगदुखीच्या गोळ्यांचा मार्गही तोच.

आता खरी अडचण ऐका. हेच ई-2 जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर टिकवतं आणि आम्ल आवरून धरतं. रोज गोळी घेतली की ते संरक्षण जातं. आधी जळजळ, मग अल्सर, आणि कधी डांबरासारखी काळी शौच, म्हणजे आत रक्तस्राव. जेवून गोळी घेतली की जळजळ कमी वाटेल, पण अल्सर टळेलच असं नाही, कारण औषध रक्तातूनही जठरावर परिणाम करतं.

मूत्रपिंडाचं मला जास्त भय वाटतं. घामानं किंवा जुलाबांनी अंगातलं पाणी आटलं, की मूत्रपिंडाकडच्या रक्तवाहिन्या आवळू लागतात. त्या उघड्या ठेवायला प्रोस्टाग्लँडिनं धडपडत असतात. नेमकी तेव्हा डायक्लोफिनॅक पोटात गेली, तर चांगलं मूत्रपिंडही एकाएकी बंद पडू शकतं. मे महिन्यात हे विसरू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. साध्या तापाला पॅरासिटामॉल पुरते. तीही मापातच, कारण जास्त झाली तर यकृतावर येते.

गरोदर बायांनीही ही दुखण्याची गोळी परस्पर घेऊ नये. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळ एक रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहावी लागते, ती प्रोस्टाग्लँडिनांच्या जोरावर. शेवटच्या महिन्यांत गोळीनं ती वेळेआधी मिटू शकते. उलट काही बाळं हृदयात असा दोष घेऊन जन्मतात, की ती वाहिनी मिटली तर जगणार नाहीत. त्यांना ऑपरेशन होईपर्यंत शिरेतून प्रोस्टाग्लँडिन ई-1 देतात.

नमस्कार.