सावर्ड्याला उतरा, पण कुठल्या?

नमस्कार श्रोतेहो.

आज गोव्यातल्या आमच्या सावर्डे स्टेशनाबद्दल बोलणार आहे. स्टेशन सावर्ड्याचं, पण आहे मात्र कुडचड्यात. सावर्डे गाव झुआरीच्या पलीकडे, पूल ओलांडल्यावर. पुन्हा सांगतो, स्टेशनाचं नाव सावर्डे, गाव कुडचडे. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लाईन जुनी. १८७८ साली पोर्तुगीज आणि इंग्रजांमध्ये करार झाला, मुरगाव बंदरापासून मीटरगेज निघाली आणि १८८८ मध्ये घाट चढून कर्नाटकातल्या कॅसल रॉकला जोडली गेली. गोवा मुक्त होण्याआधी कॅसल रॉकला हिंदुस्थानची तपासणी आणि घाटाखालच्या कुळ्याला पोर्तुगीजांची. आजी सांगायची, मिरजेहून आणलेली ट्रंक दोनदा उघडायची, दोनदा कोंबायची. कुळ्यापुढे चढ एवढा की आजही गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. नव्वदच्या दशकात मीटरगेज गेली, ब्रॉडगेज आली. आता वास्को ते कुळे लोकल धावते. मडगावला उतरलात तर कोकण रेल्वे तिथेच मिळते. लोक या लाईनला खनिजाची लाईन म्हणतात, मला ते पटत नाही. खनिजाच्या वाघिणी मोजायला सगळे तयार, पण लोकलने कामावर जाणारी माणसं कोण मोजतो?

असो. मामाची गोष्ट सांगतो, तीच सांगायला आलोय.

१९९९ साल, आमच्या ताईचं लग्न. मामा डोंबिवलीचे. आयुष्यभर मिरज, लोंढा, कॅसल रॉक करत घाटातून आलेले. त्या वाटेवर सावर्डे एकच. या वेळी पहिल्यांदाच कोकण रेल्वे. आईने पत्रात लिहिलं होतं, मडगावला गाडी बदल, मग सावर्डे. मामांच्या लक्षात राहिलं फक्त सावर्डे.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्टेशनवर. लोकल आली, मामा नाहीत. घरी येतो तर फोन खणखणतोय.

"अरे, न्यायला कुणीच कसं नाही? सावर्ड्याला उतरून तास झाला!"

मी पुन्हा स्कूटर काढली. फलाटावर एक कुत्रं आणि खोबरेल तेलाचा रिकामा डबा. परत घरी. पुन्हा फोन.

"वडापावच्या गाडीपाशी उभा आहे, निळा शर्ट."

आता आईने फोन घेतला. "दादा, जवळ नदीवरचा पूल दिसतो का?"

"पूल कसला? समोर एसटी उभी आहे."

"माणसं कोकणी बोलतायत का?"

"कोकणी कशाला बोलतील? मराठीच बोलतायत की!"

आई फोन हातात धरून जमिनीवरच बसली. "अरे देवा. दादा, तू चिपळूणच्या सावर्ड्याला उतरलास."

कारण कोकण रेल्वेवरही एक सावर्डे आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. मामांना वाटलं होतं, नवी रेल्वे फारच भरभर पोचवते!

घरात रडारड. मुहूर्त सकाळी साडेअकराचा, आणि मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणायचं कुणी? (हल्ली मामांना फेटा बांधून फोटोपुरतं उभं करतात, बुफेच्या रांगेत कुणी ओळखतही नाही. तेव्हा तसं नव्हतं.) शेजारचे काका म्हणाले, मी मामा होतो. ताई म्हणाली, मी मामांसाठी थांबते, मुहूर्त गेला तर जाऊ दे. मुलाकडच्यांना अर्थातच काही सांगितलं नाही.

मामा रात्रभर प्रवास करत होते. आधी रत्नागिरीची एसटी, मग फलाटावर बसून काढलेले चार तास, मग रात्रीच्या गाडीत दाराशी ट्रंकेवर बसून मडगाव. तिथून सकाळची कुळे लोकल. ही लोकल नसती तर ताईचं लग्न काकांनीच लावलं असतं, म्हणून सांगतो, तिचं वेळापत्रक बदललं की मला राग येतो.

मी फलाटावर होतोच. गाडी थांबली, दारात मामा दिसले. एक पाय पायरीवर, एक आत, ट्रंक छातीशी. पाटी वाचली, तरी उतरेनात. खाली मासळीची पाटी घेऊन एक बाई चढायला उभी होती. तिलाच विचारलं, "बाई, हे कुडचडेच ना?"

"व्हय, देंव बेगीन," ती करवादली.

"कोकणी!" मामा म्हणाले, आणि उतरले.