दोन बिंदू आणि गोव्याची शिरगणती

पणजीच्या गजबजलेल्या गल्ल्यांपासून सत्तरीतील आडबाजूच्या वाड्यांपर्यंत प्रगणक घरोघर फिरतात, आणि त्या साऱ्या पायपिटीतून गोव्यापुरता अखेर एकच आकडा उरतो. १९७१ साली तो ७,९५,१२० होता आणि १९८१ साली १०,०७,७४९. फोंड्यातील एका वर्गाच्या फळ्यावर आता जे दोन बिंदू मांडले जात आहेत, ते हेच. त्याआधीची १९६० ची मोजणी पोर्तुगीज राजवटीतील असल्याने तिथून १९७१ पर्यंतचे अंतर दहा वर्षांहून अधिक भरते. म्हणून ती येथे घेतलेली नाही.

या दोन बिंदूंतून सरळ रेषा काढणे सोपे आहे, परंतु रेषा मानली म्हणजे दर दशकात तेवढीच माणसे वाढतात असे मानावे लागते. लोकसंख्या सहसा बेरजेने नव्हे, तर पटीने वाढते, आणि पटीने होणाऱ्या वाढीचे सूत्र घातांकी फलनाचे असते: य बरोबर अ गुणिले ब चा क्षवा घात. येथे क्ष म्हणजे १९७१ पासून लोटलेली दशके, अ म्हणजे आरंभीची संख्या आणि ब म्हणजे एका दशकातील पट. क्ष शून्य असताना ब चा घात १ होतो, त्यामुळे अ थेट ७.९५ लाख मिळतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की ब येतो सुमारे १.२६७. वार्षिक पट हवी असेल, तर त्याचे दहावे मूळ काढावे. ते सुमारे १.०२४ भरते, म्हणजे वर्षाला जवळपास २.४ टक्के.

आरंभीचा बिंदू हाताशी नसेल तेव्हा खरी युक्ती लागते. समजा, आपल्याला केवळ १९८१ आणि २००१ चे आकडे ठाऊक आहेत; २००१ चा आकडा आहे १३,४७,६६८. दोन समीकरणे मांडून एकाला दुसऱ्याने भागले की अ आपोआप निघून जातो आणि ब चा वर्ग उरतो, कारण दोन्ही बिंदूंत दोन दशकांचे अंतर आहे. भागाकार १.३३७, त्याचे वर्गमूळ १.१५६, मग १९८१ च्या आकड्याला या पटीने भागून अ मिळतो ८.७१ लाख. विद्यार्थी बहुधा येथेच वजाबाकी करू पाहतात, पण वजाबाकीने अ जात नाही.

एव्हाना दोन वेगळी फलने हाती आली आहेत, आणि आकडेमोड दोन्हींत बिनचूक आहे. दोन धन किमतींच्या बिंदूंतून घातांकी वक्र नेहमीच जातो, एकच जातो. वाढ खरोखर त्या वक्राने झाली की नाही, हे मात्र तिसऱ्या बिंदूलाच विचारावे लागते. दुसरे फलन १९९१ साठी ११.६५ लाख सांगते आणि प्रत्यक्ष नोंद आहे ११,६९,७९३, म्हणजे जवळजवळ जुळलेच. परंतु हेच फलन मागे १९७१ कडे नेले तर पाऊण लाख माणसे जास्त दाखवते, आणि पुढे २०११ कडे नेले तर एक लाख. पहिल्या फलनाची गत याहून वाईट आहे: २०११ साठी ते २०.५ लाखांची ग्वाही देते, तर प्रगणकांनी मोजले १४,५८,५४५.

फळ्यावर आता य च्या जागी य चा लघुगणक (लॉगॅरिदम, म्हणजे समान पटींना समान पायऱ्यांत बदलणारे माप) घेतला आहे. वाढ घातांकी असती, तर पाचही बिंदू एका सरळ रेषेत बसले असते. येथे रेषा प्रत्येक दशकाला खाली झुकते, कारण पटच घटत गेली आहे: १.२६७, १.१६१, १.१५२ आणि १.०८२. लोकसंख्या दर दशकात वाढली, पण पट स्थिर नाही, आणि घातांकी फलनाला स्थिर पटच लागते.

उजवीकडे क्ष बरोबर पाचची जागा मोकळी आहे. २०२१ साली व्हायची शिरगणती त्या वर्षी झाली नाही.